ठरणीचे वीस दिवस

माणदेशातला उन्हाळा आता आठ महिन्यांचा झाला होता आणि म्हसवडच्या पुढे नुसती वाळू होती. माणसं दुपारभर तळघरात बसत. कासवाला तळघर मानवत नाही. त्याला स्वतः उकरलेलं बीळच लागतं. म्हणून शालन घोरपडे रोज सकाळी परसातल्या ठकीच्या बिळावर ओलं गोणपाट टाकायची. माठातलं पाणी गार होतं तसंच हे. ओल उडून जाताना उष्णता घेऊन जाते आणि बिळात जीव धरून राहता येतं. बावीस वर्षं हा नेम चुकला नव्हता.

ठकी म्हणजे चांदणी कासवाची मादी. कासवं संपत आली तेव्हा वनखात्याने ती घरोघर पाळायला दिली, आणि शालनच्या नऊ वर्षांच्या तेजूने ही एक ओढणीत गुंडाळून घरी आणली. तेजू पुढे उन्हातले विजेचे सौरतक्ते पुसायच्या कामाला लागली आणि एकोणिसाव्या वर्षी उष्माघाताने गेली. त्यानंतर शालनला ठकीशिवाय कुणी नव्हतं. हे ती कुणी विचारलं तर सरळ सांगायची, लाजायची नाही.

त्या वर्षी ठकीने कुंपणाच्या कडेला चार अंडी पुरली. शालनच्या ते महिन्याने लक्षात आलं. कळवताच साताऱ्याच्या संशोधन केंद्रातून डॉ. नाझनीन मुजावर धावत आली. अंडी हलवता येणार नाहीत, आता उलटली तर आतला जीव मरेल, असं म्हणून तिने मातीत एक तापमापक खोवला आणि शालनला समोर बसवून सगळं समजावलं.

"मावशी, माणसात मुलगा की मुलगी हे गर्भ राहतानाच ठरतं. कासवाचं तसं नाही. तिथे अंड्याभोवतीची माती ठरवते. माती गार असली तर नर, तापली तर मादी."

हे ठरतं ते अंडी उबण्याच्या मधल्या वीस दिवसांत. शास्त्रज्ञ त्या काळाला 'ठरण' म्हणत. चाळीस वर्षं तापलेल्या मातीतून माद्याच निघत होत्या आणि शेवटचा नर दोन वर्षांपूर्वी मेला होता. मादी नराचं बीज अंगात वर्षानुवर्षं जपू शकते. ठकीने जपलं होतं, ते शेवटचं या चार अंड्यांत आलं. यांतून एकही नर निघाला नाही, तर ही जात संपली.

पाणी दर घराला रोज दोन घागरी मिळे. एक शालनची, एक कासवाची. ठरणीचे वीस दिवस, एकही न चुकवता, कासवाची घागर अंड्यांवर ओतायची होती. मग ठकीचं काय, असं शालनने विचारलं. ती मोठी आहे, सोसेल, असं डॉक्टर म्हणाली. तेजूला कामावर पाठवताना शालन स्वतः हेच म्हणाली होती.

बारा दिवस तिने आपल्या प्यायच्या पाण्यातलं अर्धं ठकीला दिलं. तेराव्या दिवशी टँकरने एकच घागर दिली, आणि तसंच तीन दिवस चाललं. घशाला कोरड पडली तरी तिने चार घोट पिऊन बाकीची घागर अंड्यांसाठी राखली होती. पण त्या पहिल्याच दुपारी ठकी बिळातून बाहेर आली. मान लांब केलेली, तोंडाला पांढरा फेस, डोळे शालनकडे. तेजूला घरी आणलं तेव्हा तिच्याही तोंडाला असाच फेस होता. शालनने घागर उचलली आणि ठकीच्या बिळावर रिती केली. उरलेले दोन दिवसही तिने तेच केलं.

दीड महिन्याने पिल्लं निघाली. डॉक्टरने रक्ताचा एकेक थेंब तपासला. चारही माद्या होत्या. तापमापकात नोंदलेले ते तीन तापलेले दिवस तिने दाखवायच्या आधीच शालनने सगळं सांगून टाकलं. डॉक्टर रागावली नाही, नुसती पायरीवर बसली.

"जात गेली, ते कळतंय मला," शालन म्हणाली. "पण खरं सांग पोरी. त्या पाण्यानं ठकी वाचली का न्हाई?"

डॉक्टरने ठकीच्या बिळाकडे पाहिलं.

"मावशी, कासव तो फेस मानेला आणि पायांना माखून घेतं. तो उडाला की अंग गार होतं. तुमच्या गोणपाटासारखंच. ती मरत नव्हती. सोसत होती."

शालनने पदर तोंडावर घेतला आणि ती मोठ्याने रडली. तेजू गेली तेव्हाही ती अशी रडली नव्हती. मग डोळे पुसून ती म्हणाली, "तुझं शास्त्र खरं असंल. पण उद्या परत तसा फेस आला, तर मी परत पाणी वतणार. मला दुसरं काय करता येणार न्हाई."

डॉक्टरने मान हलवली आणि केंद्राचा कागद मांडीवर घेतला. वरती जातीचं नाव लिहिलं, खाली 'नष्ट होण्याचे कारण' या ओळीवर तिचा हात थांबला. शालन बघत होती. शेवटी डॉक्टरने तिथे एकच शब्द लिहिला, 'उष्णता'.

तेजूच्या मृत्यूच्या दाखल्यावरही तेवढंच लिहिलं होतं.