युफोनियमची पेटी

माझ्या लेकीला, तेजलला, सरकारी बॅन्डच्या भरतीचं बोलावणं आलं आणि पेढ्यांच्या आधी घरात भांडण आलं. पुण्यापर्यंत युफोनियम न्यायचा कसा? फुंकून वाजवायचा बाजा, लहान घागरीएवढं पितळ, वळणावळणाच्या नळ्या, वर तीन कळा. दापोलीच्या एका लग्नाहून परतताना तो एस.टी.त आपटला होता आणि नळीला पोचा आला होता. पोचा काढून घेतला, पण अजून एक दणका बसला तर सूर जाणार होता. सूर गेला की नोकरी गेली.

बाजा आप्पांचा. आप्पा म्हणजे माझे वडील, दत्ताराम. आयुष्यभर लोकांच्या वरातींपुढे वाजवलं आणि पंगती उठल्यावर मागच्या पडवीत जेवले. ते बाजा चादरीत गुंडाळून मांडीवर घेऊन प्रवास करायचे, कुणाला धरायलाही द्यायचे नाहीत. ते गेल्यावर तो तेजलने घेतला. पोरगी असून फुंकते म्हणून आमचेच लोक हसले. तिला नोकरी लागली तर ही वरातीपुढची लाचारी आमच्या घरातून कायमची जाणार होती. म्हणून मला चादर नको होती. टणक पेटी हवी होती.

पहिली पेटी मुंबईहून मागवली. कडक कवच, आत काळा स्पंज. बाजा आत ठेवला, झाकण टेकवलं, तर बोटभर वर राहिलं. दाबलं तरी वरच. बाजा काढला की झाकण बसायचं. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, तुमचं माप चुकलं. मला सांगतोय! मी मांडवीत फर्निचरचं काम करतो, माप ही माझी भाकरी आहे. पेटी परत घ्यायला मात्र तो तयार नाही. एकदा उघडलेला माल म्हणे परत घेत नाहीत.

मग मीच प्लायवूडची केली. चारी बाजूंनी हात फिरेल इतकी सैल. कोपऱ्यांना पत्रा ठोकला, आत स्पंज चिकटवला. बाजा ठेवला.

झाकण बोटभर वर.

मी टेपने आतून मापलं, बाहेरून मापलं. बाजाच्या वर मोकळी जागा होती, डोळ्यांना दिसत होती. झाकण तेवढं बसत नव्हतं. मी त्यावर सिमेंटची गोणी ठेवली आणि शिव्या देत चहाला गेलो. परत आलो तेव्हा गोणी खाली पडलेली. झाकणाच्या स्पंजात खळगे पडले होते. कळांच्या वर, जिथे बाजा टेकतच नव्हता, तिथे चार, शेजारी शेजारी. स्पंज हलका लागला, असं मी तेजलला सांगितलं. तिने खळग्यांवरून बोट फिरवलं. बाजा चादरीत गुंडाळून आत घेऊन गेली.

राहिला धोंडू. हा फायबरच्या होड्या बनवतो आणि मांडवीच्या अर्ध्या लोकांची टिंगल करतो. मला बघून म्हणाला, "काय मिस्त्री, लाकूड संपलं काय रत्नागिरीतलं?" त्याची रीत साधी. होडीवरनं साचा उतरवतो, तसा बाजावरनंच उतरवायचा. बाजाला प्लास्टिक गुंडाळलं, मेण चोळलं, एका अंगाने आणि मग दुसऱ्या अंगाने फायबरची जाळी आणि रेझिन चढवलं. शेडमध्ये सुकत घातलेल्या बांगड्यांचा वास आणि रेझिनचा वास एकत्र डोक्यात चढत होता. सुकेपर्यंत आम्ही दोघं दारातच बसलो होतो. आत कुणी गेलं नाही.

साच्याचं अर्धुकं सोडवलं आणि धोंडू दोन पावलं मागे सरकला.

आत बाजाची जागा अचूक उतरली होती. कर्ण्याची, नळ्यांची, कळांची. आणि कळांवर एका हाताची. नळीला खालून धरलेल्या दुसऱ्या हाताची. पेरं दिसत होती. नखं दिसत होती.

"ही जागा कशाला ठेवलीस?" मी ओरडलो.

"मी नाय ठेवली," तो म्हणाला. "होडीवर साचा घातला तर होडीच उतरते. जे होतं तेच आलंय."

बाजा आत ठेवला. दुसरं अर्धुकं म्हणजे झाकण; ते पहिल्यांदाच बसलं, जराही न दाबता.

धोंडू मला बाजूला घेऊन म्हणाला, एक नारळ ठेव, गाऱ्हाणं घाल, म्हाताऱ्याला सांग की नात घेऊन चाललीय. माझं टाळकं फिरलं. आमच्या आजोबांनी धम्म घेतला त्या दिवशी नारळ, कोंबडं, गाऱ्हाणं, सगळं उंबऱ्याबाहेर गेलं. ते मी एका पेटीसाठी परत आणू?

शिवाय त्या पोकळ्यांमुळे बाजा आत हलत होता. हलला तर पोचा येणार. पेटी मी कशासाठी केली होती?

घरी आणून मी स्पंज कापला. पंज्याच्या जागेत कोंबला, बोटांच्या जागेत पेचकसाने ठासला, वरून गोंद भरला. तेजल दारात उभी राहून बघत होती.

"पप्पा, राहू दे ना तेवढं," ती म्हणाली.

"बाजा हलतोय," मी म्हणालो.

झाकण बसलं. कडी लागली. सकाळी मी तिला गाडीत बसवून दिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुण्याहून फोन आला. तेजलचा आवाज दबका होता. मागे दुसरं कुणीतरी चाचणी देत होतं. मी आधी बाजाचं विचारलं.

"ओरखडासुद्धा नाही."

"आणि तुझं?"

"झालं. घेतलं मला. साहेब म्हणाले, इतकी साफ बोटं बघितली नाहीत."

मी खाली बसलो. हसू येत होतं, रडूही. बायकोला हाक मारली. तेजल फोनवर तशीच होती, तिचा श्वास ऐकू येत होता.

"पप्पा," ती म्हणाली, "मी नुसती फुंकत होते. कळांवर बोटं ठेवायला मला जागाच नव्हती."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आता बाजा पेटीत ठेवायचाय," ती म्हणाली. "पण आजोबा सोडत नाहीयेत."