आठवी ओवी

अंघोळ झाली की चहाच्या आधी मी आमच्या गावदेवीच्या, आईच्या पोथीचा एक अध्याय वाचते. अकरा वर्षांचा नेम आहे. नऊ अध्याय, नऊ दिवस, मग पुन्हा पहिल्यापासून. मंगळवारी मीठ खात नाही, आणि कुणाशी आवाज चढवून बोलत नाही. हा शेवटचा नेम पाळायला सगळ्यांत अवघड.

राहात्याला बाजारतळाच्या मागे माझं टायपिंगचं दुकान आहे. लग्नपत्रिका, अर्ज, पतसंस्थांचे अहवाल. शेजारी पेरूचा आडत्या, त्यामुळे पौष-माघात दुकानभर पेरूचाच वास. अशाच एका सकाळी आमचे घरशेजारी, देवस्थानचे अध्यक्ष छगनराव आले.

"जयाताई, पोथीची नवी आवृत्ती काढायचीय. मागची तुम्हीच टाईप केली होती ना? तीच घ्या. फक्त चौथ्या अध्यायातल्या सावूच्या सात ओव्या काढून टाका."

चौथा अध्याय आईच्या येण्याचा. कोरड्या विहिरीच्या तळाशी देवीची शिळा, म्हणजे तांदळा, होती. गावातला एकही पुरुष उतरेना. सावू उतरली, शिळा दोराला बांधून तिने वर पाठवली. सातवी ओवी सांगते, सावू परत आली नाही, ती आईच्या तेजात विरून गेली. त्या ओवीशी मी दर वेळी हात जोडायचे. डोळे भरून यायचे.

या सात ओव्यांमुळे माघी पौर्णिमेच्या यात्रेला पहिला दिवा लावायचा मान सावूच्या घराण्यातल्या सुनेचा, गोजरबाईचा. सत्तरी उलटलेली बाई, वस्तीवर एकटी राहते. वर्षभर तिला देवळात कुणी बस म्हणत नाही. त्या एका सकाळी ती गाभाऱ्यापुढे गुडघे टेकते, फरशीला कान लावते, "निजली" असं पुटपुटते आणि देवीकडे पाठ करून दिवा फरशीवर ठेवते. लोक म्हणतात, अडाणी बाई, नमस्कारसुद्धा धड येत नाही.

"गोजरबाईंना विचारलंत?" मी म्हटलं.

"तिला कुठं वाचता येतंय!" छगनराव हसले. "पोथीतच नाही म्हटल्यावर मान कसला? यंदा दिवा आमच्या घरचा. देऊळ आमच्याच पूर्वजांनी बांधलंय. तुम्ही नेमधर्माच्या बाई, तुम्ही यात पडू नका."

मी हो म्हणाले. त्याबद्दल अजून माझा माझ्यावरच राग आहे.

विश्वस्तांच्या सह्यांसाठी त्यांना बदल खुणांनी दाखवलेली प्रत हवी होती. त्यासाठी माझ्या कॉम्प्युटरवर सोय आहे. जुनी आणि नवी फाईल द्यायची. काढलेला मजकूर तो लाल करतो आणि त्यावर आडवी रेघ मारतो. नवा घातलेला निळा करतो. माणसाच्या नजरेतून स्वल्पविराम सुटतो, त्याच्या नजरेतून सुटत नाही.

सात ओव्या लाल यायला हव्या होत्या. आठ आल्या.

आठवी सातवीच्या खाली होती. त्याच टायपात, त्याच मापात.

*तांदळा वरती आला । दोर तेथेचि कापिला । सावूने हाक दिली ज्याला । तो गेला निघून ॥*

मी जुनी फाईल उघडली. त्यात ही ओवी नव्हती. नव्यात असणं शक्यच नव्हतं. माझी घरची पोथी आणली, हळदीच्या बोटांची. तीत नव्हती. जे कधी नव्हतंच ते काढलं कसं जाईल? फाईल बिघडली असेल म्हणून कॉम्प्युटर बंद करून चालू केला, पुन्हा बटण दाबलं.

नऊ आल्या.

*दगड टाकिती भराभर । वरी बांधिती मंदिर । हाक ये तीन प्रहर । मग नाही ॥*

बाहेर लख्ख ऊन होतं. आडत्याची माणसं क्रेट उतरवत होती. दुकानात पेरूचा वास मात्र राहिला नव्हता. ओल्या गाळाचा वास येत होता, विहीर उपसताना येतो तसा.

तिसऱ्यांदा मी बटण दाबलं नाही.

मला भीती वाटायला हवी होती. मला राग आला. अकरा वर्षं मी सातव्या ओवीला हात जोडले होते. तेजात विरली म्हणे.

खुणांचं पान छापून मी वस्तीवर गेले. गोजरबाई ओट्यावर तूर निवडत होती. मी दोन्ही ओव्या वाचून दाखवल्या. तिचे हात थांबले नाहीत.

"आमाला ठावं हाय की," ती म्हणाली. "म्हून तर कान लावतो. निजली का, ते बघायचं. निजली आसंल तरच दिवा लावायचा."

"आणि नसेल तर?"

"माज्या सासूच्या येळेपासनं तसं झालं न्हाई, बाई." तिनं सुपातला खडा उचलून अंगणात फेकला. "पर कान आमीच लावायचा आसतो. आमच्यावर तिचा राग न्हाई."

दुसऱ्या दिवशी छगनराव आले. मी तेच पान त्यांच्यापुढे ठेवलं. मला वाटलं होतं, विचारतील, हे काय लिहिलंय. त्यांनी शेवटपर्यंत वाचलं. कानशिलावर घाम आला.

"कुणी सांगितलं तुम्हाला?" ते म्हणाले.

त्यांनी पानाचे चार तुकडे केले, खिशात घातले, नव्या फाईलचा पेनड्राइव्ह घेतला आणि गेले. विश्वस्तांच्या सह्या खुणांशिवायच झाल्या. पुस्तकं नगरला छापून आली, घरोघर वाटली गेली. माझ्या घरीही एक पोचलं. ते मी उघडलं नाही.

आठ दिवसांनी यात्रा. सकाळी देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. गोजरबाई खालच्या पायरीवर उभी होती, हातात तिचा मातीचा दिवा, न पेटवलेला. वर छगनराव चांदीची समई घेऊन देवीकडे तोंड करून उभे.

माझ्या तोंडून निघून गेलं, "कान लावा, छगनराव."

मी हळूच बोलले होते. तरी सगळ्यांना ऐकू गेलं.

लोक हसले. मागून कुणीतरी म्हणालं, "लावा की अध्यक्ष, मान घेतलाय तर पुरता घ्या!"

छगनरावही हसले. चारचौघांत मागे कसं सरायचं? त्यांनी समई बाजूला ठेवली, गुडघे टेकले आणि उजवा कान फरशीला लावला.

ते उठेनात.

हसणं ओसरलं. ढोल थांबला.

पायरीवरून गोजरबाईचा आवाज आला, "निजली का, दादा?"

छगनराव उठले. कुणाकडे न बघता, कानावर तळवा दाबून, लोकांमधून वाट काढत गेले. समई तशीच राहिली. गोजरबाई वर आली नाही. कुणी बोलावलंही नाही. त्या दिवशी पहिला दिवा लागलाच नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन मी दोन्ही फायली कॉम्प्युटरला पुन्हा दिल्या. जुनी आणि नवी. एकाही अक्षराला बोट लावलं नव्हतं.

लाल काहीच नव्हतं. एक रेघसुद्धा नाही. काढलेल्या साती ओव्या नव्या फाईलमध्ये जागच्या जागी होत्या.

चौथ्या अध्यायाच्या शेवटी एकच ओवी होती. निळी. म्हणजे नव्याने घातलेली.

*चौथा प्रहर लागला । तेव्हा कान खाली आला । ओळखिले तिने त्याला । श्वासावरून ॥*

मी घरी आले आणि वाटलेलं पुस्तक पहिल्यांदा उघडलं. यात्रेच्या आठ दिवस आधी छापलेलं, गावातल्या प्रत्येक घरात असलेलं. चौथ्या अध्यायाचं शेवटचं पान काढलं.

साती ओव्या होत्या, आणि खाली ही आठवी.

छगनराव अजून कानावर हात ठेवूनच फिरतात. डॉक्टर म्हणतात, कान चांगला आहे.

माझ्या नेमात आज चौथा अध्याय आला. अंघोळ केली, दिवा लावला, नवं पुस्तक घेतलं. खिडकी छगनरावांच्या अंगणाकडे उघडते, ती उघडली. आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा मोठ्याने वाचला.