अठ्ठेचाळीस अंश

"बॅटरीला हात लावू नका!"

थावरा पवार ठाण्याच्या फाटकातूनच ओरडले. हवालदाराच्या हातातला पाना तसाच राहिला.

"चोरीला जाईल म्हणून काढून राहिलो, भाऊ."

"आज न्हाई. बॅटरी सुटली की गाडीचा कंप्युटर सगळं विसरतो."

ऑक्टोबर २००५. आखाडा बाळापूरच्या ठाण्यामागे ती पांढरी कार तीन दिवसांपासून उभी होती. मागच्या सीटवर फुटक्या हिरव्या काचा तशाच पडल्या होत्या.

त्या काचा संगिता राठोडच्या बांगडीच्या होत्या. जवळच्या बंजारा तांड्यावरची अंगणवाडी सेविका, वय एकतीस. नवरा नेमसिंग पुण्याला बांधकामावर. रविवारी उजाडता उजाडता सोयाबीनच्या काढणीत तिला घोणस चावली. तांड्यावर गाडी एकच, तिचा दीर ओमप्रकाश याची. त्याने वहिनीला आणि म्हाताऱ्या आईला गाडीत घातलं आणि नांदेडकडे निघाला. अकरा किलोमीटरवर, नाल्याच्या पुलाजवळ, गाडी थांबली. माळरान, मोबाईलला रेंज नाही. जवळजवळ दीड तासाने एक टेम्पो आला. त्यात घालून तिला नेलं. दवाखान्यात पोचली तेव्हा जीव गेलेला होता. "तासभर आधी आणायला पाहिजे होती," एवढंच डॉक्टर बोलले.

'गाडीचा कंप्युटर जळाला,' ओमप्रकाशने सगळ्यांना सांगितलं. दोन दिवस आधीच, गाड्यांच्या वायरिंगचं दुकान असलेल्या दिपक गिरीने त्या गाडीला नवा हॉर्न बसवला होता, वायरी सोडून जोडल्या होत्या. लोकांनी दिपकचं दुकान फोडलं. तो आता कोठडीत होता.

फौजदार श्रेयस धर्माधिकारींनी थावरांना मुद्दाम नांदेडहून बोलावलं होतं. फौजेच्या वर्कशॉपमध्ये बावीस वर्षं काढलेला माणूस. तोही तांड्यावरचाच, पण सेनगावकडचा.

थावरांनी मीटर काढलं. आधी बॅटरी. मग फ्यूज. मग कंप्युटरचा मोठा प्लग न सोडता मागूनच एकेका तारेला मीटरच्या सुया लावत गेले. श्रेयस शेजारी उभे होते.

"जळालाय का?"

"न्हाई साहेब. कंप्युटर ठणठणीत आहे." थावरा खाली वाकले. "इंजिन फिरतंय की न्हाई, हे कंप्युटरला सांगणारा एक सेन्सर असतो. तोही चांगला. पण त्याच्यापासून वर येणारी तार मधीच तुटलीय. खबर पोचली न्हाई की इंजिन चालू होत न्हाई."

दिपकने गुंडाळलेल्या काळ्या टेपच्या शेजारीच ती जागा सापडली.

"म्हणजे दिपकच?"

थावरांनी पिशवीतून स्कॅनर काढला, डॅशबोर्डखालच्या प्लगला जोडला. बारक्या पडद्यावर आकडे आले. त्यांनी ते दोनदा वाचले आणि चष्मा काढला.

"गाडीवाल्याला बोलवा. आन् त्याच्या आईला. येगळं येगळं."

ओमप्रकाश आला. डोळे सुजलेले, दाढी वाढलेली.

"गाडी कशी बंद पडली?" थावरांनी विचारलं.

"चालता चालता. झटक्यात."

"स्पीड किती असंल?"

"चाळीस-पन्नास."

"मग?"

"किल्ली फिरवून किती सेल मारला. घेतलीच न्हाई. टेम्पोवाल्यानं बी मारून पाहिला."

"किती वाजता थांबली?"

"सात, सव्वासात. टेम्पो आला साडेआठला."

त्याला बाहेर बसवलं. त्याच्या आईला, रुख्मिणीबाईला, आत आणलं. ती खुर्चीवर बसली नाही, भिंतीशी टेकली.

"याडी," थावरांनी तिला आपल्या बोलीत आई म्हणून हाक मारली, "गाडी थांबली तवा पोरगा काय म्हणला?"

"तापली म्हणला. थंडी होऊ दे म्हणला."

"सेल मारत होता?"

"न्हाई. किल्ली खिशात घालून पुलावर बसला. मी वरडून राहिले, आरं चल, लेकरू निळं पडून राहिलं. तो म्हणला, आता चालवली तर इंजन फुटंल."

"बॉनेट उघडलं?"

"थांबताच उघडलं. मग टेम्पोची धूळ दिसली, तवा पळत आला आन् परत त्याच्यात मुंडकं घातलं."

श्रेयसनी ओमप्रकाशला पुन्हा आत घेतलं. आईला बाहेर पाठवायचं राहून गेलं.

"ही तार बघा," गाडीतून सोडवून आणलेला तुकडा टेबलावर ठेवत थावरा म्हणाले. "दिपकचा जोड इथं, दोन बोटं अलीकडं. तो शाबूत आहे. जोड सुटला तर तारेचे केस फाकतात. उंदरानं खाल्ली तर दाताच्या खुणा राहतात. ही सरळ कापलीय, पात्यानं."

"दिपकनंच कापली असंल!" ओमप्रकाश म्हणाला.

"तर गाडी तांड्यावरून निघालीच नसती." थावरांनी स्कॅनर टेबलावर ठेवला. "खराबी पहिल्यांदा दिसली त्या घडीचं सगळं कंप्युटर लिहून ठेवतो. तू म्हणतो चालती गाडी बंद पडली. इथं स्पीड आहे शून्य. अकरा किलोमीटर पळालेलं इंजिन नव्वद अंशांवर असतं. इथं आहे अठ्ठेचाळीस. इतकं उतरायला उघड्या बॉनेटखाली तासावर वेळ जातो. म्हंजे गाडी आधी थांबली. तार तासाभरानंतर तुटली. टेम्पो आला, त्यानं सेल मारला, आन् कंप्युटरला खराबी तवाच पहिल्यांदा कळली."

हवालदाराने वाकून तारेचं टोक पाहिलं.

"गाडी चांगली होती," थावरा सावकाश म्हणाले. "टेम्पोवाल्याच्या हातानं ती चालू झाली असती, म्हणून तू तार कापली."

"पण काहून?" हवालदार पुटपुटला.

श्रेयसनी फाईलमधून एक कागद काढला. "संगिताच्या पिशवीत तहसीलची ही पोच होती. मी तेव्हा हा कागद नीट वाचलाच नाही. तुझ्या मुलीचं, पूजाचं, लग्न दिवाळीनंतर आहे. पूजा चौदा वर्षांची. ते लग्न थांबवा म्हणून संगितानं अर्ज दिला होता. चौकशी सोमवारी होती."

ओमप्रकाश खाली बसला.

"सोयरीक ठरली होती. तिनं समद्या तांड्यात माझं नाक कापलं." मग एकदम वर पाहून म्हणाला, "पर मी मारलं न्हाई, साहेब. साप चावला. मी फक्त थांबलो."

रुख्मिणीबाई भिंतीपासून पुढे आली. मुलाकडे तिने पाहिलं नाही.

"म्हंजे ती माझ्या मांडीवर होती," तिने थावरांना विचारलं, "तवा गाडी चालण्यासारखी होती?"

थावरांना खोटं बोलता आलं असतं.

"व्हय, याडी."

ओमप्रकाशने "याडी" म्हणून हाक मारली, तिने ऐकली नाही. मग ती टेबलाशी गेली आणि फौजदारांसमोर उजवा हात पुढे केला.

"मी पाहिलं ते समदं लिहा, साहेब. आन् सांगा, अंगठा कुठं द्यायचा."