अर्धवट धवळा

हळदीच्या दिवशी वत्सलाबाईंनी देवापुढे निरांजन लावलं. अमितचं लग्न जमावं म्हणून त्यांनी सोळा सोमवार केले होते. उद्या लेकाच्या डोक्यावर अक्षता पडणार होत्या. गंगापूर रोडवरच्या त्यांच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये चौघे वादक व्हायोलिन आणि चेलो जुळवत होते. अमितनं नवी रचना बांधली होती. पेठकडच्या आदिवासी पाड्यांवर लग्नाच्या मांडवात शेकडो वर्षं गायला जाणारा धवळा आणि त्यात मिसळलेलं, त्याची होणारी बायको मनाली गाते ते आजचं सोल संगीत.

धवळा तिकडच्याच म्हाताऱ्या झुंबरबाईच्या आवाजात रेकॉर्ड केलेला. ती धवळारीण, तिच्या गाण्यावाचून तिकडे लग्न लागत नसे. तिनं बजावलं होतं, "उचलला धवळा शेवटाला न्यायचा, दादा. आरदा टाकलास तर नवरी हुभीच राहते."

रचना लांबते म्हणून अमितनं निम्मा धवळा ठेवला, बाकीचा पुसला. कळल्यावर म्हातारी दारात आली, तर हा हसला. "राहिली उभी तर खुर्ची देऊ, मावशी!"

वत्सलाबाई ओटीचे तांदूळ घेऊन येईपर्यंत ती जिना उतरली होती. पावसाळ्यात ती वारली.

आज हळद लागलेली मनाली गायला उभी राहिली. खालच्या पट्टीत चेलो घुमत होता, त्यावर स्पीकरमधून म्हातारीचा जुना, खरखरीत सूर. ऐकताना वत्सलाबाईंचे डोळे भरून आले. अर्ध्यावर सूर तुटला. टाळ्या पडल्या.

"बस की आता, नवरीबाई," अमित म्हणाला.

"अमित... गुडघे वाकत नाहीयेत."

"नाटकं पुरे हं!"

त्यानं खांदे धरून तिला बसवायला पाहिलं, पण ती तसूभरही वाकली नाही. खोलीत ओल्या हळदीचा आणि चुलीच्या धुराचा वास दाटला. अमितनं स्पीकरची वायर उपटली. तरी तो खरखरीत आवाज आला, मनालीच्या तोंडून.

"पुढचं म्हन, दादा..."

पुढचं कुणालाच येत नव्हतं.

वत्सलाबाईंनी ओटीचं ताट पुढे केलं. "बाई, माझ्या व्रताचं सगळं पुण्य तुला. पोरीला सोड गं..."

"तुझ्यावं राग नाय, ताई." मनालीची नजर अमितवर खिळली. "खुर्ची दे ना, दादा..."

रडत रडत अमितनं खुर्ची आणून ठेवली.

दुसऱ्या दिवशी मुहूर्त टळून गेला. मनाली उभीच होती आणि तिच्या अंगावरची हळद अजून ओली होती. वत्सलाबाई तिच्या पायाशी जप करत बसल्या होत्या.

शेजारची रिकामी खुर्ची करकरली... कुणीतरी ऐसपैस बसावं तशी.