कोपेकांसाठी लांबलचक प्रार्थना

"कोपेका अजून बाहेरच आहेत," तुआइने म्हणाली आणि रोंगोने खाणं थांबवलं. ऑकलंडहून सुट्टीला बेटावर आलेला तिचा हा आतेभाऊ खाणं सहसा थांबवत नाही. म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

सूर्य बुडत आला होता. इवले काळपट कोपेका पक्षी समोरच्या गुहेत शिरत, गोंधळत आणि परत बाहेर येत.

"दमले की बसतील झाडावर."

"कोपेका झाडावर बसत नाही रे. तिच्या पायांना फक्त गुहेची भिंत धरता येते. दिवसभर उडायचं आणि बसायचं ते घरीच."

"आणि घरी जाताच आलं नाही तर?"

तुआइने उठलीच. आत पिल्लं होती.

तुआइनेच्या सात वर्षांच्या बहिणीला, अकाइतीला, मध्ये घेऊन ते गुहेत उतरले. आत जनरेटर धडधडत होता! पोकिना काकाने पाहुण्यांसाठी जेवण मांडलं होतं. फुलांचे हार, दिवे आणि चक्क फ्रीज. धारदार प्रवाळखडकांवरून तो चौघांनी आणला होता. चौघांच्याही चपला फाटल्या, फ्रीजला ओरखडाही नव्हता.

"काका, बंद करा तो जनरेटर," तुआइने म्हणाली. "कोपेका अंधारात टकटक करतात, भिंतीवरून आवाज परत येतो, त्यावरून त्यांना घरटं सापडतं. या धडधडीत त्यांना काही ऐकू येत नाहीये."

"मग जरा मोठ्याने टकटक करा म्हणावं. माझं आइस्क्रीम वितळेल."

"वायर उपटू?" रोंगो कुजबुजला.

"ते परत लावतील. आपल्याला वेळ हवाय."

तुआइनेला रविवार आठवला. प्रार्थनेच्या वेळी मोटरसायकल चालू ठेवणाऱ्याला याच काकाने सगळ्यांसमोर झापलं होतं. तिने अकाइतीकडे पाहिलं. अकाइतीच्या प्रार्थनेत घरचे मासे रोज गार होतात.

"यांची जेवणाआधीची प्रार्थना राहिलीय. तू म्हण. घाई करू नकोस."

"मी कधी करते?" अकाइती खुर्चीवर चढली. "प्रार्थना करूया."

पाहुण्यांतले म्हातारे पाद्रीबुवा डोळे मिटून उभे राहिले. मग सगळेच उठले. काकाने नाइलाजाने जनरेटर बंद केला. दिवे गेले.

अकाइतीने तारोच्या कंदांपासून सुरुवात केली. मग खेकडे, आत्या, शेजाऱ्यांची डुकरं, एकेक नावानिशी. ती तिसऱ्या डुकरावर असताना अंधारात आवाज आला. टक. टकटक. मग टकटकीचा पूरच डोक्यांवरून आत गेला आणि भिंतीवर पिल्लं चिवचिवली.

रोंगो गुहेच्या तोंडाशी पहारा देत होता. "बाहेर एकही नाही," तो म्हणाला.

"आमेन," अकाइती म्हणाली.

"इतकी सविस्तर प्रार्थना मलाही जमली नाही," पाद्रीबुवा म्हणाले. "शाबास, पोरांनो. पोकिना, यांनी आज तुझी लाज राखली."

काकाने आइस्क्रीम चमच्याने उचलून पाहिलं. ते चमच्यातून खाली गेलं. त्याचा हात सवयीने जनरेटरकडे वळला.

"काका," अकाइती म्हणाली, "जेवणानंतरचीही प्रार्थना असते."

काकाने हात खिशात घातला आणि मेणबत्त्या मागवल्या.