पावडरवाले डॉक्टर

त्या डब्याला आम्ही दोघांनी एकाच वेळी हात घातला.

"माफ करा—"

"नाही नाही, तुम्ही घ्या…"

"नको, मी नुसतीच वाचत होते."

"मीही मघापासून नुसताच वाचतोय," तो म्हणाला. "काही कळलं तर मलाही सांगा."

त्याच्या खांद्यांवर पावसाचे थेंब होते, केस कपाळाला चिकटलेले, आणि चेहऱ्यावर थेट माझ्यासारखाच गोंधळ. औषधांच्या दुकानातलं ते समोरचं कपाट वरपासून खालपर्यंत प्रोटीन पावडरच्या डब्यांनी गच्च भरलेलं. प्रत्येक डब्यावर दंड फुगवलेला एकेक पैलवान. त्यातला एकही माझ्या बाबांसारखा दिसत नव्हता.

बाबांनी आयुष्यभर बस चालवली. भरभक्कम माणूस. पण आतड्याचं ऑपरेशन झालं आणि ते असे वाळले, की मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत सरकायला लागलं. दूध तर पोटाला चालेचना. अजून एक ऑपरेशन बाकी होतं, आणि सर्जननी स्पष्टच सांगितलं होतं… वजन वाढल्याशिवाय मी हात लावणार नाही. आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या, "लॅक्टोज नसलेली प्रोटीन पावडर द्या." कोणती, ते विचारायचं माझ्या डोक्यातच आलं नाही.

मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. दिवसभर लोकांना विचारत असते, 'ही काच बरी की ती?' लोक गोंधळले की मनातल्या मनात हसते. आता माझ्यावर वेळ आली होती.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. "हो, डॉक्टरच बोलतोय… परत उलटी झाली का?… थोडं थोडं पाणी पाजा, जबरदस्ती नको. मी निघालोच."

डॉक्टर! मला तर देवच भेटल्यासारखं झालं.

"डॉक्टर, प्लीज, एकच मिनिट—" आणि मी जी सुरू झाले ती ऑपरेशन, वजन, घड्याळ, सगळं सांगूनच थांबले. मधे दोनदा त्याने "मी खरं तर—" म्हणून तोंड उघडलं. मी कुठली ऐकतेय!

शेवटी तोही माझ्या शेजारी उभा राहून डबे फिरवायला लागला.

"यावर लिहिलंय लॅक्टोज फ्री," मी म्हटलं, "आणि मागे लिहिलंय दुधापासून. मग दूध आहे की नाही?"

"दूध आहे, पण दुधातली साखर काढलीय… बहुतेक. आणि हा वाटाण्याचा. यात मुळात दूधच नाही. मलाही दूध पचत नाही, म्हणून मी हा घेणार होतो. चव कशी असेल, देव जाणे."

"वाटाण्यासारखी?"

"पैलवानासारखी नसली म्हणजे मिळवलं."

मी हसले. खूप दिवसांनी… आणि तो माझ्याकडे बघतच राहिला. मग घाईघाईने म्हणाला, "आधी छोटं पाकीट घ्या. आणि बाबांना द्यायच्या आधी त्यांच्या आहारतज्ज्ञांना नक्की विचारा. मी… वेगळ्या विभागातला आहे." त्याने नंबर दिला. "चव कशी आहे ते कळवा. मग मीही घेईन."

"म्हणजे प्रयोग माझ्या बाबांवर?"

"तसं नाही हो… म्हणजे—" त्याचे कान लाल झाले.

आहारतज्ज्ञ बाईंनी वाटाण्याच्या पावडरला होकार दिला. बाबांनी पहिला घोट घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. "भिंतीचा रंग पाजतेस का मला?"

मी ते जसंच्या तसं त्याला कळवलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं— 'केळं घालून बघा. मीही पाकीट आणून घातलं. आता केळ्याच्या रंगाची भिंत लागते.'

मग रोजच सुरू झालं. सुपात घालून पाहिलंत का? आज पूर्ण पेला संपला का? पोट दुखलं नाही ना? आणि हळूहळू शेवटी एक छोटंसं वाक्य यायला लागलं… 'आणि तुम्ही जेवलात का?'

मी त्या वाक्याचा फार विचार करायचे. डॉक्टर लोकांना अशी चौकशी करायची सवयच असणार. पेशंटच्या मुलीला काळजीने विचारायचं, आणि पुढच्याकडे वळायचं. मग त्याचा मेसेज आला नाही की माझं कामात लक्ष का लागत नव्हतं? एका आजींना मी तीच ती काच पुन्हा पुन्हा दाखवत राहिले. शेवटी त्याच म्हणाल्या, "अगं, मला दिसतंय सगळं. तुझं काय चाललंय?"

काय चाललं होतं, मलाच कळत नव्हतं.

बाबा मात्र सुधारत होते. "आज काय म्हणतायत पावडरवाले?" असं विचारतच पेला तोंडाला लावायचे. वजनाचा काटा सरकला, घड्याळ मनगटावर थांबायला लागलं, आणि सर्जननी एकदाचं ऑपरेशन ठरवलं. ही बातमी मेसेजवर द्यायची नाही, असं मी ठरवलं. त्याच्या बोलण्यातून दवाखान्याची गल्ली कळली होती; दारावरची पाटीही न वाचता थेट आत जाऊन धडकले.

आत बाकावर एक बाई पिंजऱ्यात पोपट घेऊन बसलेल्या. त्यांच्या शेजारी टोपलीत मांजर, खाली ऐसपैस पसरलेला कुत्रा. लोक दवाखान्यात पाळीव प्राणी घेऊन येतात, किती मोकळे आहेत हे डॉक्टर… हा विचार मी खरंच केला. मग आतलं दार उघडलं आणि तो बाहेर आला. हातात पांढराशुभ्र ससा.

"तुम्ही…?"

"वेगळा विभाग," मी म्हटलं. "हा विभाग?"

"मी दुकानातच सांगणार होतो. तुम्ही बोलूच दिलं नाहीत."

"आणि नंतर? इतके दिवस?"

"नंतर…" तो सशाच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. "नंतर सांगितलं असतं, तर तुम्ही विचारायचं थांबवलं असतं."

पोपटवाल्या बाई कान टवकारून ऐकत होत्या. मला रडू यायला लागलं, की हसू, ते कळेना. मी तशीच मागे फिरले.

घरी येऊन बाबांना सांगितलं, तर ते पोटावर हात दाबून हसायला लागले. "हसवू नकोस गं, दुखतं!"

"बाबा, तो जनावरांचा डॉक्टर आहे!"

"मग काय झालं? मी वाढलोच की." ते डोळे पुसत म्हणाले. "मला एक सांग. सर्जन माझी चौकशी करतो, ते त्याचं काम आहे. याचं काय काम होतं?"

माझ्या रागाला एकदम बसायला जागाच उरली नाही. तरी फोन काही मी केला नाही. काय बोलायचं, हेच ठरत नव्हतं.

ऑपरेशनच्या सकाळी बाबांना आत नेलं आणि मी बाहेरच्या बाकावर एकटीच बसले. काचेवरून बारीक पाऊस ओघळत होता. जरा वेळाने शेजारी कोणीतरी येऊन बसलं. स्वेटरवर पांढरे केस चिकटलेले होते.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"बाबांनी. तुमच्या फोनवरून."

मी पुन्हा ऑपरेशनच्या दाराकडे बघायला लागले. तो म्हणाला, "मी इथे काहीच कामाचा नाही. मला यातलं काही कळत नाही. सांगाल तर जातो."

"मग आलात कशाला?"

"तुम्ही एकट्या बसला असाल, म्हणून." तो अडखळला. "रोज पावडरचं विचारायचो ना मी… ते शेवटचं वाक्य लिहायला मिळावं म्हणून विचारायचो. तेवढंच खरं विचारायचं असायचं."

माझे हात बर्फासारखे गार पडले होते. त्यातला एक मी त्याच्या हातात दिला. त्याने तो धरला… आधी हळूच, मग घट्ट. आम्ही तसेच बसून राहिलो. कुणीच कुणाकडे बघत नव्हतं.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. सर्जन बाहेर आले, मास्क खाली ओढला आणि होकारार्थी मान डोलावली. "छान झालं. शुद्धीवर येतायत."

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. मागोमाग सिस्टर आल्या. "फक्त घरच्यांनीच आत या. तुम्ही मुलगी ना? आणि हे कोण?"

"मी… तसा कोणी…" तो उठून उभा राहिला, परत बसला, परत उठला.

"घरचेच आहेत," मी म्हटलं.

सिस्टर दार धरून उभ्या राहिल्या. तो माझ्या कानाशी वाकून कुजबुजला, "घरचा म्हणजे… नेमका कोण?"

"ते अजून मलाही माहीत नाही," मी डोळे पुसत म्हटलं. "पण आत चल."