थेऊरच्या वाटेवरची साखळी

बसा. चहा झाला ना? मग ते मोबाइल जरा उलटे ठेवा. उद्या रात्री तुम्ही त्या वॉकला निघालाच आहात, तर निदान ऐकून जा. नाही पटलं तर सोडून द्या. मी स्वतःच कशावर पटकन विश्वास ठेवत नाही. खडकीच्या दारूगोळा फॅक्टरीत तीस वर्षं गेटवर होतो. आत जाणाऱ्याच्या खिशात काडेपेटी आहे का बघायचं, हेच काम. साक्षात देव आला असता तरी म्हटलं असतं, आधी खिसे दाखवा.

तिथल्या माझ्या जोडीदाराचा मुलगा इंद्रजीत. त्याची बायको उत्कर्षा. दोघं मिळून लोकांना यात्रेच्या जुन्या वाटेनं चालत न्यायचे. संकष्टीला चंद्र बघून उपास सोडायचा, साडेदहाला कसबा गणपतीपासून निघायचं आणि उजाडायच्या सुमारास थेऊरच्या चिंतामणीला पोचायचं. इंद्रजीत पुढे, बॅटरी घेऊन. उत्कर्षा सगळ्यात शेवटी, कुणी मागे राहू नये म्हणून. मध्ये आयटीतली मुलं-मुली, तुमच्यासारखीच हौशी.

मांजरीच्या पुढे हमरस्ता सुटतो आणि नदीकडची उसातली वाट लागते. तिथे एक शेंदूर फासलेला दगड आहे. कुणाचा, कशाचा, गावात कुणालाच माहीत नाही. तिथे पोचेपर्यंत रात्रीचे अडीच वाजतात, लोक पेंगायला लागतात, रेंगाळतात. म्हणून इंद्रजीतनं एक गोष्ट रचली. फार पूर्वी यात्रेला निघालेली एक म्हातारी, मालनबाई, पाय दुखतात म्हणून इथे टेकली. तिची माणसं पुढे गेली. कुणी वळून पाहिलं नाही. ती पुन्हा कुणाला दिसलीच नाही. तेव्हापासून म्हणे दगड ते ओढ्यावरचा पूल, एवढी वाट सगळ्यांनी एकमेकांचे हात धरून चालायची. बोलायचं नाही, मागे बघायचं नाही.

शुद्ध थाप! पण लोक खूश. उत्कर्षाला मात्र ते खटकायचं. ती म्हणायची, "देवाच्या वाटेवर कशाला खोटं बोलतोस?" हा म्हणायचा, "अगं, थापेनं कुणाचा पाय मोडलाय का आजवर?"

सतरा जानेवारी, दोन हजार पंचवीस. शुक्रवार, पौषातली संकष्टी. अकरा जण आणि ही दोघं. थंडी कडाक्याची. दगडापाशी पोचले तेव्हा दोन वाजून चाळीस मिनिटं झाली होती. इंद्रजीतनं गोष्ट सांगितली, सगळ्यांनी हात धरले, निघाले. चारशे पावलांची वाट. बॅटरी बंद. दोन्हीकडे ऊस.

पूल आला. इंद्रजीत म्हणाला, "सोडा हात." त्यानं बॅटरी लावून माणसं बघितली. अकराही पुलावर होती. उत्कर्षा मात्र अलीकडेच थांबलेली. उजवा हात मोकळा. डावा मागे... ताणलेला.

"काय झालं?"

"माझ्या मागे कोण आहे?"

त्यानं प्रकाश टाकला. वाट... ऊस... बाकी काही नाही.

आता त्याला काय वाटलं असेल? मला वाटलं असतं तेच. ही नाटक करतेय. लोकांसमोर माझी जिरवतेय. तो म्हणाला, "छान. बक्षीस देऊ तुला. आता सोड."

"मी केव्हाच सोडलाय, इंद्रजीत. तिकडून सुटत नाहीये."

खरंच. तिची बोटं उघडी होती. सरळ. तरी हात ताणलेलाच.

तो लोकांकडे वळला. "कोण कोण सामील आहे यात?" प्रत्येक जण दुसऱ्याच्या तोंडाकडे बघतोय. तेवढ्यात उत्कर्षा एक पाऊल मागे गेली. स्वतःहून नव्हे. बूट खडीवर घासत गेला.

मग मात्र याला ते नाटक वाटेना. धावला. तिचा उजवा हात धरून ओढायला लागला. ती कळवळली. तो ओरडला, "मालनबाई नाहीच आहे! मी रचली ती!"

आणखी एक पाऊल मागे. उसाच्या दिशेनं.

"आजी... चुकलं माझं. चला, आम्ही नेतो तुम्हाला थेऊरला."

काही नाही.

आणखी एक पाऊल.

तेव्हा उत्कर्षा अगदी हळू म्हणाली, "आजी नाही रे... मूठ लहान आहे."

...

इंद्रजीत तिथेच, त्या खडीवर गुडघ्यांवर बसला. कुठे बघावं तेही त्याला कळेना. म्हणाला, "चल बाळा. आता तुला कुणी मागे ठेवणार नाही."

ओढ थांबली. हात सैल पडला. पण सुटला नाही.

तिथून थेऊर तीन तास. उत्कर्षा डावा हात थोडा खाली, थोडा मागे ठेवून चालत होती. लहान मुलाला नेतो ना आपण, तशी. देवळात काकड आरतीची घंटा वाजली, आणि तिचा हात मोकळा झाला.

त्याच संध्याकाळी दोघं माझ्याकडे आली. इंद्रजीत माझ्यासमोर ढसाढसा रडला. म्हणाला, "काका, म्हातारी मी रचली हो. पण कुणीतरी तिथे खरंच पोर मागे ठेवून गेलं होतं." मी आपला शंकेखोर. म्हटलं, जागरण, थंडी, उपास, होतं असं. तर उत्कर्षानं डावी बाही वर केली.

मनगटात एक हिरवी काचेची बांगडी. चपखल बसलेली. ही मुलगी घड्याळाशिवाय हातात काही घालत नाही, मी तिला लग्नापासून बघतोय. बांगडी फिरवून पाहिली. कुठे सांधा नाही, जोड नाही. मी उठलो आणि दोघांना थेट कसबा पेठेत मैनुद्दीन बांगडीवाल्याकडे घेऊन गेलो. चाळीस वर्षं बायकांच्या हातात बांगड्या भरणारा माणूस तो. त्यानं चष्मा लावला, हात हातात घेतला, बराच वेळ बघत राहिला.

"साहेब, हे सात वर्षांच्या पोरीचं माप आहे. मोठ्या बाईच्या पंजावरून ही चढणारच नाही. कुणी भरली?"

मी म्हटलं, आधी काढता येते का ते बघ.

"काढायची तर फोडावी लागेल," म्हणून त्यानं छोटी हातोडी उचलली. उत्कर्षानं झटकन हात मागे घेतला.

परवाच भेटली होती. मी मुद्दाम पाहिलं. अजून आहे.